पडद्यांचे टायबॅक : चौथा आठवडा

बैठकीच्या खोलीतला डावा पडदा काल पूर्ण झाला. गाठींचा टायबॅक (पडदा बाजूला ओढून हुकाला बांधायची पट्टी) विणून झाला, हुक भिंतीत बसला आणि पडद्याची आतली कड हवी तशी कमानीत आली. उजवा अजून बाकी आहे, पण आतापर्यंत जे कळलं ते विसरायच्या आत लिहून ठेवते.

सुरुवातीचा बराच वेळ दोर, रंग आणि गोंडे ठरवण्यात गेला. खरा प्रश्न होता हुकाच्या उंचीचा. पडदा जमिनीपर्यंत, २१० सेंमी. पहिल्या दिवशी बरोबर मध्यावर बांधून पाहिला, तर त्याचे वरखाली दोन सारखे तुकडे केल्यासारखं दिसलं. मग भोक पाडायच्या आधी भिंतीवर कागदी चिकटपट्टीने तीन खुणा केल्या : जमिनीपासून ९०, ७० आणि ५५ सेंमी. बहिणीने प्रत्येक खुणेवर पडदा सुतळीने ओढून धरला आणि मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं. ५५ला खिडकी बरीच झाकलेली राहते. ९०ला वरचा झोल आखूड वाटतो. ७०ला, म्हणजे खालचा एक तृतीयांश सोडून, कापड लांब आणि निवांत उतरतं. तिथेच ड्रिल मारलं.

हुक मी पडद्याच्या बाहेरच्या कडेमागे घेतला आहे. अगदी चौकटीला खेटून लावला असता तर पडदा काचेवरच गोळा झाला असता.

टायबॅकची लांबी मोजायला पडदा गोळा करून त्याभोवती टेप फिरवला आणि दोन्ही टोकं हुकाच्या जागी आणली. आवळून ४८ सेंमी भरली, मी ५६ घेतली. घट्ट बांधलं की सुती कापडावर आडवी घडी पडते आणि पडदा सोडल्यावर ती नजरेत भरते.

विणकामात चूक झाली ती दोर कापताना. चौकोनी गाठींच्या पट्टीत मधले दोन दोर सरळ राहतात, गाठी बाहेरच्या दोघांच्या बसतात. मी चारही सारखे कापले आणि बाहेरचे अर्ध्यावरच संपले. सगळं उसवलं. दुसऱ्यांदा बाहेरच्या दोरांसाठी तयार लांबीच्या चौपट, वर थोडा जादा, म्हणजे २५० सेंमी धरले. मधल्यांना गोंड्यासकट ७५ पुरले. म्हणून ३२५ सेंमीचे दोनच दोर घेतले, ७५वर दुमडून कडीत अडकवले आणि लांब बाजू बाहेर ठेवली. दोर ३ मिमीचा, सुती. पट्टी छान भरीव आली आहे, हात फिरवत राहावंसं वाटतं.

बांधल्यावर आतली कड जमिनीपासून वर उचलली जाते. ती तिरकी ओढली जाते, त्यामुळे हे होणारच. शिवाय मी टायबॅकच्या वरचं कापड बोटांनी जरा बाहेर ओढून पोट काढते, त्यातही थोडी लांबी जाते. नवे पडदे शिवणार असाल तर बांधलेल्या अवस्थेत मोजून मगच खालची दुमड घाला.

घरात लहान मूल असेल तर मात्र ७० सेंमीवर दोर नको. लोंबता फास त्याच्या हाताशी येतो आणि गळ्याभोवती अडकू शकतो. तिथे चुंबकाचं, ओढलं की सुटणारं टायबॅक घ्यावं.

उजव्या बाजूचे दोर कापून ठेवलेत. त्यानंतर झोपायच्या खोलीत कापडाचा चंद्रकोरी आकार, आत बकरम (आकार टिकवणारं कडक कापड) घालून. सरळ पट्टीची वरची कड कापडात रुतते, कोर नीट बसते असं कागदी नमुन्यावर तरी दिसलं.