फ्लँडर्सचे दगड आणि व्हिसाच्या अर्जातला एक रकाना : माझा अनुभव

बेल्जियमला जाऊन कॉबल्सच्या, म्हणजे दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरच्या, सायकल शर्यती बघून आले, त्याच रस्त्यांवर सायकलही चालवून आले, असं सांगितलं की ग्रुपवरचे सगळे टायर, गिअर आणि थंडीचे कपडे यांबद्दल विचारतात. ते सांगतेच, पण आधी व्हिसाच्या अर्जातल्या एका रकान्याबद्दल सांगू द्या. माझी निम्मी ताकद तिथेच संपली आणि तो राग अजून उतरलेला नाही.

बेत साधा होता. बहुतेक वर्षी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात लागोपाठच्या दोन रविवारी दोन मोठ्या शर्यती असतात : आधी बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातली टूर ऑफ फ्लँडर्स, मग फ्रान्समधली पॅरिस–रूबे. 2025 मध्ये त्या 6 आणि 13 एप्रिलला होत्या. फ्लँडर्सच्या आदल्या दिवशी शनिवारी तुमच्याआमच्यासाठी 'वी राइड फ्लँडर्स' ही राइड असते. पैसे भरून नाव नोंदवायचं आणि त्याच चढांवर सायकल घालायची. नोंदणी झाली, विमानाचं तिकीट झालं.

शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असलेला व्हिसा) अर्जात प्रवासाचा हेतू विचारतात. त्यात पर्यटन असा एक पर्याय आहे आणि खेळ असा दुसरा. मी पर्यटनावर खूण केली होती. अर्ज स्वीकारणाऱ्या व्हिसा केंद्रातल्या काउंटरवरच्या माणसाने कागद चाळताना राइडच्या नोंदणीची पावती पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही रेसमध्ये भाग घेताय. हे टुरिझममध्ये बसत नाही. आयोजकांचं निमंत्रणपत्र आणि इथल्या फेडरेशनचं पत्र आणा." मी सांगितलं की ही रेस नाही, हजारो लोक हौसेने चालवतात. तो म्हणाला, "नावात राइड आहे, नंबर आहे, फी आहे. मग रेसच ना?" मागे रांग वाढत होती. अर्ज परत माझ्या हातात आला.

नोकरी सांभाळून पहाटे उठून सिंहगड चढणाऱ्या बाईला कुठलं फेडरेशन पत्र देणार? देशासाठी पदक आणायला निघालेल्या खेळाडूकडे असतात ते कागद माझ्याकडे मागत होते. हेल्पलाइनवर फोन केला की संकेतस्थळावरचंच वाक्य वाचून दाखवायचे. ईमेलला उत्तर यायचं, पण त्यात माझ्या प्रश्नाचा उल्लेखही नसायचा. नवीन अपॉइंटमेंट बघावी तर सगळ्या तारखा भरलेल्या. रात्री उशिरा आणि भल्या पहाटे पान उघडत बसायचे, कारण कुणी रद्द केली तर जागा तेव्हाच दिसते. (ही युक्ती लक्षात ठेवा, मला तशीच जागा मिळाली.) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात. एप्रिलसाठी डिसेंबरातच हे काम उरकून टाका.

दुसऱ्या खेपेला मी पूर्ण तयारीने गेले. आयोजकांच्या नियमांचं पान छापून घेतलं. रस्ते वाहतुकीसाठी खुले असतात आणि सायकलस्वारांना वाहतुकीचे नियम पाळावे लागतात हे त्यात स्पष्ट आहे. एका पानाच्या पत्रात लिहिलं की इथे कुणी विजेता ठरत नाही, बक्षिसाची रक्कम नाही, मी शर्यत बघायला जातेय आणि आदल्या दिवशी सायकलवरून तो प्रदेश बघणार आहे. भाड्याच्या सायकलचं बुकिंग जोडलं. नोंदणीची पावती लपवली नाही, मुक्कामाच्या कागदांनंतर लावली. पुन्हा तोच प्रश्न आला. मी शांतपणे वरिष्ठांना बोलवा म्हटलं. त्या बाईंनी नियमांचं पान वाचलं आणि अर्ज घेतला, बस्स! हे काम पहिल्या दिवशी का होऊ शकलं नाही, याचं उत्तर मला आजही कुणी दिलेलं नाही. व्हिसा द्यायचा की नाही हे दूतावास ठरवतो, केंद्र नाही. काउंटरवर दबून जाऊ नका.

मग वाट बघणं. नियमाने पंधरा दिवस, पण ते पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतात. पासपोर्ट हातात आला तेव्हा जिन्यातच पाकीट फाडलं आणि मोठ्याने ओरडले.

मुक्कामाचं आत्ताच सांगते. ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज. रूबे फ्रान्समध्ये आहे, म्हणून मी सगळ्या रात्री बेल्जियममधल्या कोर्ट्राइकला काढल्या. तिथून रूबेला रेल्वे जाते आणि फ्लँडर्सची शर्यत जिथे संपते ते औडेनार्डही जवळ आहे. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो, पण त्यात सायकलिंग वगळलेलं नाही ना, हे बारीक अक्षरात शोधा.

आता शनिवारच्या राइडमधला कॉपेनबर्गचा चढ. 600 मीटर लांबी, सर्वात तीव्र जागी 22 टक्के चढ, आणि खाली ओबडधोबड दगड. डांबरावर असा चढ उभं राहून मारता येतो. इथे सीटवरून उठलात की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. बसून, सर्वात हलक्या गिअरवर, हँडल सैल धरून चढायचं. पुढे कुणी पाय टेकला की मागची सगळी रांग उतरते. माझ्यापुढे वाट मोकळी राहिली आणि मी पाय न टेकवता वर पोचले. याचा मला प्रचंड अभिमान आहे. टायर 32 मिलिमीटरचे घ्या आणि हवा नेहमीपेक्षा कमी ठेवा.

रविवारी औडे क्वारेमाँटवर उभी होते. हाच चढ पुरुषांच्या शर्यतीत पुन्हा पुन्हा येतो, म्हणून बघायला याच्यासारखी जागा नाही. शेवटच्या फेरीत स्लोव्हेनियाच्या पोगाचारने इथेच सगळ्यांना मागे टाकलं. त्याच दिवशी, त्याच दगडांवरून महिलांची शर्यतही जाते आणि बेल्जियमच्या लोटे कोपेकीने ती तिसऱ्यांदा जिंकली. घरच्या मुलीसाठी फ्लँडर्सचे लोक ज्या आवाजात ओरडत होते, त्यात मीही होते. फ्लँडर्सची पुरुषांची शर्यत 1913 पासून आहे, महिलांची 2004 पासून. पॅरिस–रूबेने तर महिलांना 2021 पर्यंत थांबवलं. केवढा उशीर!

पुढच्या रविवारी पॅरिस–रूबेच्या वाटेवरच्या कारफूर द लार्ब्र या दगडी टप्प्याजवळच्या शेतात गेले. आदल्या आठवड्यात तिथले दोनेक किलोमीटर चालवून पाहिले होते. क्वारेमाँटचे दगड यापुढे गुळगुळीत वाटावेत इतके इथले विस्कटलेले. कडेच्या मातीत घसरण्यापेक्षा रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावरून जा. नेदरलँड्सचा व्हॅन डर पूल एकटाच आला, धुळीत, आणि सलग तिसऱ्यांदा जिंकला.

बेल्जियमच्या रेल्वेत सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं. आणि औडेनार्डमधल्या खोल्या फार लवकर भरतात. पैसे परत मिळणारं बुकिंग आधी करून ठेवा, व्हिसाच्या अर्जाला तेही चालतं.