तुम्ही विचारलंत म्हणून: तांबू रुळली कशी?

"काकू, तुमची तांबू किती दिवसांत रुळली हो?" प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलेल्या आमच्या भित्र्या कुत्रीबद्दलचा हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतं. कधी लिफ्टमध्ये, कधी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे बाकावर नंबरची वाट बघताना. परवा आमच्या गल्लीतल्या एका मुलीनं विचारलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. तिनं निवाऱ्यातून आणलेली कुत्री ९ दिवस दिवाणाखालून बाहेर आली नव्हती, आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं तिला वाटत होतं. जिन्यात उभ्या उभ्या तिला सगळं सांगता आलं नाही, म्हणून आता नीट बसून लिहिते.

आकडाच हवा असेल तर सांगते. तांबू ११ दिवसांनी पहिल्यांदा स्वयंपाकघरात आली. सव्वा महिन्यानं तिनं आपणहून माझ्या हाताला नाक लावलं. माझा नवरा खोलीत असताना त्याच्याकडे पाठ करून झोपायला तिला ७ महिने लागले. पण या आकड्यांचा तुम्हाला फारसा उपयोग नाही. ३ दिवस, ३ आठवडे, ३ महिने असा एक हिशेब हल्ली सगळीकडे ऐकू येतो. तो ढोबळ अंदाज म्हणून ठीक आहे, पण ९० वा दिवस उजाडला आणि कुत्रं अजून कोपऱ्यातच असलं, तर माणसं खचतात. काही जण परत नेऊन सोडतात. मला ते फार लागतं.

तांबू २०२२ च्या जूनमध्ये आली. २ वर्षांची, गावठी, तांबूस रंगाची, एका कानाचं टोक कापलेलं. ती कानाची खूण म्हणजे नसबंदी झाली आहे, रेबीजची लस दिली आहे. तिचा जन्म एका बांधकामावरचा, आणि ४ महिन्यांची असल्यापासून ती निवाऱ्यातल्या पिंजऱ्यात वाढली होती. पुण्यातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पट्टा सोडल्याबरोबर ती सरपटत ड्राय बाल्कनीत गेली आणि वॉशिंग मशीनच्या मागे शिरली.

त्या संध्याकाळी मी तिच्यासमोर वाकले, गोड आवाजात हाका मारल्या, हात पुढे केला. ती भिंतीला इतकी चिकटली की आणखी मागे जायला जागाच उरली नाही, आणि तिथेच तिला लघवी झाली. माझ्या मनात माया होती. तिला मात्र दिसलं ते एवढंच, की एक मोठा जीव वरून वाकून, डोळ्यांत डोळे घालून, बाहेर पडायची एकुलती एक वाट अडवून उभा आहे.

लोक विचारतात, "तिला कोणी मारलं होतं का?" मलाही आधी तसंच वाटायचं, आणि त्या न पाहिलेल्या माणसाचा मी मनात रागही करायचे. पण बऱ्याच भित्र्या कुत्र्यांच्या मागे असा कोणी दुष्ट माणूस नसतोच. पिल्लाच्या आयुष्यात साधारण ३ आठवड्यांपासून १२ ते १४ आठवड्यांपर्यंतचा एक काळ असतो. त्या काळात जे दिसतं, ऐकू येतं, वास येतो, ते त्याच्या लेखी "आपलं जग" होतं. स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत पिल्लांवर वर्षानुवर्षं काम करून हे नीट मांडलं, त्यालाही आता सहा दशकं झाली. तांबूच्या त्या काळात वाळूचे ढीग होते, आई होती, भावंडं होती. मिक्सर, सोफा, जिना, फरशी, दाराची बेल यातलं काही नव्हतं. म्हणून आमचं घर तिच्यासाठी परकं होतं, अगदी साधी लादीसुद्धा. पाय घसरायचा म्हणून ती चालायला धजायची नाही. आम्ही बाल्कनीपासून स्वयंपाकघरापर्यंत जुन्या सतरंज्यांची पायवाट केली तेव्हा तिचं निम्मं अवघडलेपण गेलं.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती मी शोधून काढलेली नाही, माझ्या सासूबाईंमुळे मला कळली.

आई तेव्हा ८२ वर्षांच्या होत्या. डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे त्यांना जेमतेम आकार दिसायचे. रोज दिवेलागणीला त्या स्वयंपाकघराच्या दाराशी, बाल्कनीकडे अर्धी पाठ करून, खुर्चीवर बसून माळ ओढत पुटपुटायच्या. रोज तीच वेळ, तीच जागा, तोच आवाज. कुत्र्यात त्यांना रस नव्हता, भीतीही नव्हती. ११ व्या संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते आणि माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तांबू मान लांब करून, मागचे पाय मागेच रोवून, आईंच्या पदराचा वास घेत होती. मी लाटणं हातात धरून तशीच उभी राहिले. आईंना काही कळलंच नाही, त्यांची माळ चालूच होती.

मी ११ दिवस तिच्याकडे बघत होते. खाल्लं का, झोपली का, आज तरी बाहेर येते का. ज्या बाईला ती दिसतच नव्हती, तिच्याकडे ती गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी माझी पद्धत बदलली. दुपारी अर्धा तास बाल्कनीच्या उंबऱ्याशी जमिनीवर बसायचं, तिच्याकडे बाजू करून, आणि वर्तमानपत्र हळू आवाजात वाचायचं. हात आपल्या मांडीवर. ती बाहेर आली तरी वळून बघायचं नाही, नाव घ्यायचं नाही. उठताना चार-पाच हात अंतरावर खाऊ ठेवून निघून जायचं. पुढे ते अंतर कमी झालं, पण तेही तिच्या मर्जीनं. हातातून खाऊ दाखवून तिला पुढे ओढायचा मोह मी टाळला, आणि तुम्हीही टाळा. भूक तिला पुढे ढकलते, भीती मागे खेचते, आणि खाऊ संपल्यावर आपण नको तितक्या जवळ आलोय असं एकदम लक्षात आलं की ती घाबरून दातही लावू शकते.

खाऊ म्हणजे काय, हेही विचारतात. आमच्या घरात अंडं शिजत नव्हतं. पनीर तिनं हुंगून सोडलं, पोळी-तुपालाही तोंड लावलं नाही. शेवटी आईच म्हणाल्या, "अगं, जिवापेक्षा का ते मोठं आहे? वेगळं पातेलं ठेव." बाल्कनीत छोट्या शेगडीवर उकडलेलं ते पहिलं अंडं तांबूनं कवचाच्या तुकड्यासकट खाल्लं. कांदा-लसूण, मनुका-द्राक्षं, चॉकलेट मात्र कुत्र्याला चुकूनही देऊ नका, ते त्यांना विषारी असतं.

तिचं बोलणं वाचायलाही मी हळूहळू शिकले. झोप आली नसताना दिलेली जांभई, उगाच ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं. हे सगळं "थोडं लांब राहा" असं सांगणं असतं. आपण लांब झालो की ती भिजल्यासारखं अंग झाडायची, म्हणजे ताण उतरला. आणि गुरगुरणं. एकदा ती नवऱ्यावर गुरगुरली, तेव्हा शेजारच्या काका-काकूंनी दटावायला सांगितलं. आम्ही दटावलं नाही. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दाबली तर भीती तशीच राहते, फक्त सूचना बंद होते, आणि मग कुत्रं थेट चावतं.

नवऱ्याची भीती कशाची, ते कळायला दोन महिने लागले. हेल्मेटची. हेल्मेट घालून जिना चढून आलेला माणूस तिला माणूस वाटायचाच नाही. त्यानं हेल्मेट खाली पार्किंगमध्येच ठेवायला सुरुवात केली, आणि घरात शिरल्यावर तिच्याकडे न जाता सरळ आपल्या खुर्चीत बसायचा. त्यानं कधी कुरकुर केली नाही, घाई केली नाही. ७ महिने थांबला तो.

कुकरच्या शिट्टीचं मात्र मुद्दाम काम करावं लागलं. पहिल्या शिट्टीला ती थरथर कापायची. मी शिट्टीचा आवाज फोनवर रेकॉर्ड केला, आणि ती शांत असताना इतक्या बारीक आवाजात लावला की तिचा फक्त एक कान हलावा. आवाज झाला की लगेच अंड्याचा तुकडा. इथे क्रम सांभाळायचा: आधी आवाज, मग खाऊ. पावलॉव्हच्या कुत्र्यांची गोष्ट आपण शाळेत शिकतो, तिचं मर्म या क्रमातच आहे. उलटं केलं तर खाऊच धोक्याची घंटा होऊन बसतो. रोज ५ मिनिटं, आवाज रेसभर वाढवत. कान मागे गेले की दोन पावलं मागे यायचं. सहा आठवड्यांनी खऱ्या कुकरची शिट्टी झाली आणि तांबू ओट्यापाशी येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. त्या दिवशी वरणाखाली गॅस बंद करायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

दोन गोष्टींत माझ्याकडून तिच्या जिवाशी खेळ झाला, त्या लपवत नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिनं पुन्हा खाणं सोडलं. मी समजले, भीतीच असेल. तीन दिवस तसेच घालवले. चौथ्या दिवशी हिरड्या पांढुरक्या दिसल्या म्हणून रक्त तपासलं, तर गोचीड ताप. प्लेटलेट्स ६२ हजारांवर आल्या होत्या. कुत्र्यांत त्या साधारण २ लाखांच्या वर असायला हव्यात. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा महिनाभराचा कोर्स झाला आणि ती वाचली. भित्रं कुत्रं आणि आजारी कुत्रं वरून सारखंच दिसतं, दोघंही कोपऱ्यात मुटकुळं करून पडतात. म्हणून नवीन कुत्र्याची रक्ततपासणी पहिल्या आठवड्यातच करून घ्या.

दुसरी गोष्ट ऑगस्टमधली. नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला होता. मी तिला फक्त गळ्यातल्या पट्ट्यावर खाली नेलं. लांबून ताशा तडतडला, तिनं मागे हिसडा दिला, मान पट्ट्यातून सुटली आणि ती गेली. साडेपाच तास आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. सापडली ती आमच्याच इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीआड, आणि तिच्या शेजारी आमच्या वॉचमनकाकांचा म्हातारा कुत्रा मोती बसलेला. मोतीला हाक मारली तेव्हा तो उठून चालू लागला, आणि ती त्याच्या मागे मागे आली. त्यानंतर आजतागायत ती अंगात घट्ट बसणाऱ्या हार्नेसशिवाय आणि गळ्यात फोन नंबरच्या बिल्ल्याशिवाय दाराबाहेर पडलेली नाही. पहिले सहा महिने दोन पट्टे असायचे, एक हार्नेसला, एक गळ्यात.

मोतीचे उपकार फार आहेत. माणसांवर विश्वास नसलेल्या कुत्र्याचा कुत्र्यावर असतो. बाहेर शू करायला ती मोतीकडे बघूनच शिकली. त्याआधी एकदा तिनं पूर्ण २६ तास धरून ठेवलं होतं. तुमच्या आसपास असं एखादं शांत, वयस्कर कुत्रं असेल तर त्याची मदत घ्या.

दिवाळीची तयारी आम्ही महिनाभर आधी केली. मधली खोली, बंद खिडक्या, जाड रजया, पंखा फुल, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली चिंता कमी करणारी गोळी. घरातली माणसांची औषधं देऊ नका. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी कुत्री दगावतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती येऊन माझ्या पायाला टेकली. "जवळ घेऊ नका, भीती वाढेल" असं सांगणारे भेटतील. भीती ही काही खोड नाही, कुरवाळल्यानं ती वाढत नाही. आपणहून जवळ आलेल्या जिवाला जवळ घ्यायचं. मी रात्री दोनपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून बसले होते.

आज तांबू दारात आलेल्या कुरिअरवाल्याला बघून अजूनही आत पळते. सोफ्यावर ती कधीच झोपली नाही. अनोळखी माणसानं हात लावलेला तिला चालत नाही, आणि आम्हीही कोणाला लावू देत नाही. आई गेल्या वर्षी गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस ती दिवेलागणीला त्या रिकाम्या खुर्चीशेजारी येऊन बसायची. आता त्या वेळी तिथे मी बसते. मला जप येत नाही, मी वर्तमानपत्र वाचते.

गेल्या महिन्यात आमचं वॉशिंग मशीन बिघडलं. दुकानात जाण्याआधी नवरा टेप घेऊन बाल्कनीत गेला आणि मशीनच्या मागची जागा मोजून आला. भिंतीपासून १४ इंच. आम्हाला आवडलेलं मोठं मशीन तिथे बसलं असतं, पण मागे ५ इंचच उरले असते. आम्ही लहान मशीन घेतलं, आणि तिची घोंगडी धुऊन पुन्हा त्याच्या मागे घातली.