गाडी विकली, पण आरसीवर नाव कुणाचं?

पैसे खात्यात आले म्हणजे गाडी विकली गेली, असं आपल्याकडे सर्रास धरलं जातं. तसं नसतं. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, आपलं नाव आहे तोवर मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने गाडीचे मालक आपणच असतो. इंग्लंडमध्ये रेडिंगला मी माझी जुनी गाडी विकली, आणि या सुट्टीत पुण्याला आल्यावर कर्वेनगरची, माझ्याच नावावर असलेली वॅगन-आर विकली. दोन्ही ठिकाणी गिऱ्हाईक ऑनलाइन जाहिरात बघून आलं, मध्ये एजंट नव्हता. पुण्यातल्या मंडळींना यातलं काही उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

तिकडे नोंदणीच्या कागदाला व्ही५सी म्हणतात. त्यातला हिरवा भाग फाडून घेणाऱ्याच्या हातात द्यायचा आणि कागदावरचा अकरा आकडी नंबर डीव्हीएलए या सरकारी खात्याच्या साइटवर टाकून गाडी विकल्याचं कळवायचं. गिऱ्हाईक समोर उभं असतानाच मी फोनवर ते उरकलं. कळवलं नाही तर १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. उरलेल्या पूर्ण महिन्यांचा रोड टॅक्स आपोआप परत मिळतो, आणि नव्या माणसाला स्वतःचा टॅक्स भरल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे गाडीचा नंबर टाकला की आजवरच्या एमओटी तपासण्यांचे (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का, याच्या दरवर्षीच्या तपासण्यांचे) निकाल आणि त्या त्या दिवशीचं मीटर रीडिंग कुणालाही फुकट बघायला मिळतं. मीटर फिरवलेलं असेल तर बऱ्याचदा तिथेच कळतं.

आपला कायदाही विकणाऱ्याला मोकळं सोडत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार, गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. फॉर्म २९ ही विकल्याची खबर, फॉर्म ३० हा नावावर करण्याचा अर्ज. गाडीवर कर्ज होतं आणि ते फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवून घ्यायचा.

प्रत्यक्षात मात्र फॉर्मवर कोऱ्या सह्या करून दिल्या जातात, "करून घेतो मी सावकाश" असं समोरचा म्हणतो, आणि गाडी जाते. पुढे ती आणखी दोघांच्या हातात फिरते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच गाडी आली होती. एकाकडून दुसऱ्याकडे विकली गेलेली, नाव मात्र पहिल्याचंच. अपघात झाला तेव्हा ती त्याच्या ताब्यातही नव्हती, तरी नोंदणीकृत मालक म्हणून नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावरच ठेवली. परदेशात राहणाऱ्याला तर हे किती महागात पडेल याचा विचार करा. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही नाही, समोर कुणीही असो. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख आधी भरायची, मग सही.

जाहिरात टाकल्यावर पहिले फोन आले ते गाडी न बघताच घेणाऱ्यांचे. त्यातला एक स्वतःला लष्करातला म्हणवत होता, ड्युटीमुळे येता येत नाही, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा म्हणजे टोकन जमा होईल. पुण्यात हे खपून जातं, कारण खडकी, कॅम्प, लोहगाव, खडकवासला या लष्करी ठिकाणांच्या नावांशी आपला रोजचा विश्वासाचा संबंध आहे. आईला मी आधीच सांगून ठेवलं होतं: यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकायला सांगितला की पैसे आपले जाणार.

शेवटी धायरीचं एक तरुण जोडपं आलं, सोबत त्यांचा मेकॅनिक. तो फार कमी बोलला. पुढच्या दाराच्या चौकटीवरचं रबर त्याने हलकेच ओढून खाली घेतलं आणि आतले वेल्डिंगचे गोल ठिपके मोबाईलच्या उजेडात पाहिले. कंपनीचे ठिपके एकसारख्या अंतरावर असतात. डेंटिंग केलेल्या पत्र्यावर ते पुसलेले किंवा वेडेवाकडे दिसतात. मग डिकीतली स्टेपनी काढून खालचा पत्रा बघितला. असं बघणारं गिऱ्हाईक आलं की मला बरं वाटतं, त्याला खरोखर गाडी घ्यायची असते. चक्कर मारायला जाताना मी त्यांचं लायसन्स बघून फोटो काढून ठेवला आणि शेजारी बसले. किल्ली देऊन आपण खाली उभं राहू नये.

"काकू, थोडी रोख चालेल का?" त्यांनी आईला विचारलं. आम्ही नाही म्हटलं. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेणं प्राप्तिकर कायद्यात बसत नाहीच, पण कमी असली तरी बँकेतून आलेल्या पैशाचा माग राहतो. आरटीजीएस केलं, आणि मेसेज किंवा स्क्रीनशॉटवर न थांबता माझ्या खात्यात शिल्लक वाढलेली पाहिली. त्यानंतर डिलिव्हरी नोट: तारीख, वेळ, मीटर रीडिंग, दोघांच्या सह्या. वेळ लिहायचीच. संध्याकाळी सातला गाडी दिली आणि रात्री कुणी सिग्नल तोडला, तर गाडी तेव्हा कुणाच्या हातात होती हे त्या एका ओळीवरून दाखवता येतं. आधारच्या झेरॉक्सवर मी आडवं लिहिलं, "फक्त या गाडीच्या हस्तांतरासाठी", खाली गाडीचा नंबर आणि तारीख.

विकायला काढण्याआधी दोन गोष्टी करून ठेवा. जुनी ई-चलानं भरून टाका. आणि गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर एचएसआरपी (सुरक्षा खुणा असलेली सरकारी नमुन्याची) नंबर प्लेट बसवून घ्या, नाहीतर आरटीओत काम अडतं. परदेशात असाल तर भारतातला मोबाईल नंबर चालू ठेवा, परिवहनच्या पोर्टलवरचे ओटीपी त्यावरच येतात.

काचेवरचा फास्टॅग मी त्याच दिवशी बँकेला सांगून बंद केला, नाहीतर ते लोक साताऱ्याला निघाले की खेड-शिवापूरचा टोल माझ्या खात्यातून कापला गेला असता. विम्यातला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवलं तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या पुढच्या गाडीला तो लागू होतो. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो, तेही मी त्यांना लिहून दिलं. संगम पुलाजवळच्या आरटीओतलं काम कुठवर आलं, हे मी पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून रेडिंगहून बघत राहिले. मालकाच्या रकान्यात त्यांचं नाव आल्यावरच माझ्या कागदांची फाइल बंद केली.