शेवटची पावती

मार्केट यार्डाजवळच्या एका पतसंस्थेचे सर्व्हर आम्ही सांभाळायचो. तीन होस्टवर, म्हणजे खऱ्याखुऱ्या सर्व्हरवर, चाळीसेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभे केलेले संगणक, आणि सगळ्यांमागे एकच स्टोरेज, ७२०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या घेणाऱ्या डिस्कचं. अशी एक डिस्क सेकंदाला जेमतेम ७५-८० वेगवेगळ्या जागांवरून वाचू शकते. एकेक मशीन आपापल्या परीनं ओळीनं वाचत असलं, तरी ही मशीन चालवणाऱ्या हायपरव्हायजर सॉफ्टवेअरमधून खाली उतरेपर्यंत सगळ्यांच्या मागण्यांची मिसळ होते आणि डिस्कचं हेड नुसतं इकडून तिकडे पळत राहतं. काउंटर उघडले की पासबुक भरायला माणसं ताटकळायची. म्हातारी माणसं उभी असायची, ते बघवत नसे.

म्हणून प्रत्येक होस्टमध्ये फ्लॅश कार्ड बसवून कॅशिंग सुरू केलं. सारखा लागणारा डेटा होस्टमध्येच मिळू लागला. पंधरा मिलिसेकंदांचं वाचन एकाच्याही आत आलं.

वाद झाला लिहिण्यावरून. राइट-बॅक पद्धतीत नोंद कार्डावर पडली की लगेच ‘झालं’ म्हणून कळवलं जातं, स्टोरेजवर ती मागाहून पोचते. साहेबांना तो वेग हवा होता. मी राइट-थ्रूवर अडून बसलो: आधी स्टोरेजवर लिहा, मगच ‘झालं’ म्हणा. कार्डाची प्रत दुसऱ्या होस्टवर ठेवायची सोय आमच्याकडे नव्हती आणि पैसा लोकांच्या ठेवींचा होता. बरीच बोलाचाली झाली. शेवटी साहेब म्हणाले, “ठेव तुझ्या मनासारखं.”

३१ मार्च, दुपारी पावणेचार. दोन नंबरचा होस्ट बंद पडला तो पडलाच. डेटाबेस नेमका त्याच्यावर. एचएनं, म्हणजे होस्ट पडला की त्याच्यावरची मशीन दुसऱ्या होस्टवर सुरू करणाऱ्या सोयीनं, ते मशीन तीन नंबरवर उठवलं, पण ती चार-पाच मिनिटं माझ्या हाताला घाम सुटला होता. कार्ड मेलेल्या होस्टमध्ये अडकलेलं. राइट-बॅक असतं, तर न पोचलेल्या नोंदी त्याच्यातच राहिल्या असत्या.

काउंटरवरच्या ताईंचा फोन आला. “दादा, बंद पडायच्या आधीची शेवटची पावती माझ्या हातात आहे. सिस्टीममध्ये आहे का बघा.” त्यांनी नंबर सावकाश, एकेक आकडा सुटा करून सांगितला. मी टाकला. स्क्रीन गोल गोल फिरत राहिली, कारण नव्या होस्टवरची कॅश या मशीनसाठी रिकामीच होती आणि प्रत्येक वाचन पुन्हा डिस्कवर जात होतं.

मग ओळ उमटली. नाव, रक्कम, वेळ ३:४३.

“आहे, ताई.”

“बरं झालं बाई,” म्हणाल्या, आणि फोन न ठेवताच पुढच्या माणसाला हाक मारली.