गुडघ्याच्या मापाची गाडी

जुनी गाडी पाहायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडायला सांगतो. मी मात्र आधी ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडतो, सीट जाईल तितकी मागे सरकवतो आणि आत बसून दार लावून घेतो. माझी उंची सहा फूट तीन इंच आहे, त्यामुळे इंजिन कितीही ठणठणीत असले तरी त्याची चौकशी माझ्या गुडघ्यांनी होकार दिल्यानंतरच सुरू होऊ शकते.

आजवर ज्या गाड्या मी चालवल्या, त्यांत काही ना काही अडत आले आहे. डोके छताला टेकत नसेल तर गुडघे स्टिअरिंगखाली सापडतात, आणि गुडघे सुटावेत म्हणून पाठ मागे कलती केली तर हात स्टिअरिंगपर्यंत पोचत नाहीत. चौकात सगळ्यांत पुढे उभा राहिलो की सिग्नलचे दिवे छताच्या कडेआड जातात, आणि हिरवा दिवा लागल्याची बातमी मला मागच्यांच्या हॉर्नवरून कळते. किल्लीच्या जुडग्यात घराच्या, कपाटाच्या आणि ऑफिसच्या किल्ल्या एकत्र ठेवण्याची सोय मला नाही, कारण प्रत्येक वळणावर ते जुडगे गुडघ्यावर आपटत राहते. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे वडीलधारे सांगत आले. त्यांचा रोख अर्थातच पैशाकडे होता, आणि साडेतीन लाखांच्या वर जायचे नाही असे ठरवून मी तेवढ्यापुरता त्यांचा मान राखला होता. पायांचा प्रश्न तरीही उरलाच.

या खटाटोपात माझा एक जुना समज गळून पडला. गाडी मोठी म्हणजे आत जागा मोठी, असे मी धरून चाललो होतो. पुण्यातल्या एका विक्रेत्याने मोठ्या अभिमानाने दाखवलेली, बाहेरून रणगाड्यासारखी दिसणारी गाडी मी उत्साहाने उघडली, आणि आत बसल्यावर मान किंचित वाकडी करूनच समोर पाहावे लागले. अशा गाडीचे छत उंचावर असते हे खरे, परंतु तिची जमीनही तितकीच वर उचललेली असते, आणि उंच माणसाला कामाचे असते ते या दोहोंमधले अंतर. त्यात वर काचेचे छत बसवलेले असेल तर त्याच्या चौकटीपायी आणखी एखादा इंच जातो. मागे निमुळत्या होत जाणाऱ्या छताच्या सेडान देखण्या असतात आणि मला त्या आवडतातही, पण लांबूनच.

शेवटी मी वळलो ते आमच्याकडे सर्रास ‘डबा’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या गाड्यांकडे. या डबेपणामागचे कारण मला फार आवडते. जपानमध्ये ‘केई’ नावाचा छोट्या गाड्यांचा एक वर्ग आहे. त्या वर्गात बसायचे तर गाडीची लांबी 3.40 मीटर आणि रुंदी 1.48 मीटर यांच्या पुढे जाता कामा नये, पण उंचीला मात्र थेट 2 मीटरपर्यंत मोकळीक आहे. लांबी-रुंदीला कुंपण आणि वर आकाश मोकळे असल्यावर गाडी बनवणाऱ्यांनी साहजिकच मजले चढवावेत तशी गाडी वर वाढवली. 1993 साली तिथे आलेली वॅगनआर ही याच विचारातून जन्मलेली. आपल्याकडे 1998 मध्ये सँट्रो आली आणि पुढच्याच वर्षी वॅगनआर. अशा गाडीत माणूस पाय लांब सोडून बसत नाही, खुर्चीवर बसल्यासारखा ताठ बसतो. त्यामुळे मांडी खाली उतरते, गुडघा स्टिअरिंगपासून सुटतो आणि लांब पायांना लांब गाडी लागत नाही.

तरीही पहिल्या वॅगनआरला मी नापासच केले होते. डोके टेकत होते. माझ्याबरोबर आलेले मिस्त्री बाहेर उभे राहून हे सारे शांतपणे पाहत होते. ते म्हणाले, “साहेब, तुम्ही सीटवर नाही, गादीवर बसलाय.” मग त्यांनी सीटखाली हात घालून हूक सोडवले आणि आधीच्या मालकाने हौसेने चढवलेले जाडजूड, शिवणीशिवणीला फुगलेले रेक्झिनचे कव्हर ओढून काढले. त्याखाली फोमचा आणखी एक थर होता. दोन्ही निघाल्यावर मी पुन्हा बसलो, तेव्हा डोके आणि छत यांच्यामध्ये माझी तीन बोटे आडवी जात होती. त्या तीन बोटांसाठी मी दोन महिने हिंडत होतो.

मग मिस्त्रींची पाळी आली. गाडी आधी सुरू करून ठेवू नका, असे त्यांनी विक्रेत्याला फोनवरच बजावले होते, आणि आल्याबरोबर त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवून इंजिन खरोखर थंड असल्याची खात्री करून घेतली होती. आता त्यांनी ऑइलचे झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला दुधाळ साय धरली आहे का ते पाहिले, कारण तशी साय म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळत असल्याची शंका. टायरच्या कडेवरचे चार आकडे त्यांनी मला वाचून दाखवले : 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. सीटबेल्ट त्यांनी शेवटपर्यंत बाहेर ओढला. आदल्या आठवड्यात पाहिलेल्या एका गाडीचा पट्टा असाच ओढल्यावर शेवटच्या वीतभर भागात मातीची पिवळट रेघ उमटलेली दिसली होती. गाडी एमएच 09, म्हणजे कोल्हापूर पासिंगची होती, आणि 2019 चा पूर आठवून आम्ही दोघेही काही न बोलता परत फिरलो होतो. दुसऱ्या एका गाडीचा मीटर बेचाळीस हजार किलोमीटर दाखवत होता आणि क्लचच्या पेडलवरचे रबर मात्र पार गुळगुळीत झाले होते. मीटर मागे फिरवणाऱ्याला पेडलचे रबर बदलणे का सुचत नाही, हे मला अजून उमगलेले नाही.

ही गाडी 2015 ची, एकाच मालकाची होती. इंजिनात ठरावीक अंतरानंतर बदलावा लागणारा टायमिंग बेल्ट नसून साखळी आहे, हे मिस्त्रींना विशेष पसंत पडले. नोंदणी 15 वर्षांची, म्हणजे 2030 पर्यंत घोर नाही. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, आरसीवर बँकेचा बोजा नव्हता, विमा नावावर करून घेतला.

एक अडचण मात्र मी हिशेबात धरली नव्हती. पत्नीची उंची पाच फूट एक इंच आहे आणि गाडी तीही चालवते. त्यामुळे आमची सीट दिवसातून दोनदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे अशी वारी करते, आणि तिच्या रुळांना मिस्त्रींनी आतापर्यंत दोनदा ग्रीस लावले आहे. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, “इंजिनाला काही होत नाही साहेब, पहिल्यांदा हेच जाईल.” सकाळी पार्किंगमध्ये गेल्यावर मी आजही आधी दार उघडतो, वाकून सीटखालची दांडी चाचपतो आणि सीट खडखडत मागे जाईपर्यंत बाहेरच उभा राहतो.