तुम्ही विचारलंत म्हणून : टूरबरोबर का जात नाही?

लग्नात, बारशात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, कुठेही भेटा, आम्हा दोघांना प्रश्न एकच असतो. "या वयात पाठीवर सॅक लटकवून कशाला फिरता? एखाद्या चांगल्या टूरबरोबर का नाही जात?" व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईत, जे झालं त्यापासून त्याला पुढचं शेपूट लागलंय, "एवढं होऊनसुद्धा?"

आजवर मी "बघू पुढच्या वेळी" म्हणून विषय बदलत आले. त्याचा मला आता कंटाळा आलाय. विचारणारे सगळे आपलेच आहेत, काळजीपोटी विचारतात, हे कळतं. पण "बघू" ऐकलं की त्यांना वाटतं हिला पटलंय, फक्त कबूल करत नाही. तसं नाहीये.

आधी एक सांगते. टूरवाल्यांना नावं ठेवणारी मी नाही. माझी आई सत्तरीत टूरबरोबर युरोपला जाऊन आली. गुडघे दुखत होते तेव्हा त्या टूर मॅनेजर मुलाने तिला विमानतळावर व्हीलचेअर मिळवून दिली, स्वित्झर्लंडमध्ये वरणभात खाऊ घातला. शेवटपर्यंत ती त्याचं नाव काढायची. एकट्या बाईला, थकलेल्या माणसाला जग दाखवणारी ही माणसं आहेत. आणि पैसे वाचतात म्हणूनही आम्ही असे जात नाही. वाचतात थोडे, पण ते कारण नाही.

कारण हे आहे. मी या घरात आले तेव्हा घरात नऊ माणसं होती. भाजी कुठली करायची ते सासूबाई ठरवत. सुट्टीत कुठे जायचं ते कुलदैवत, गावची जत्रा आणि भावकीतली लग्नं ठरवत. पुढे मुलाची दहावी-बारावी ठरवायला लागली, मग सासूबाईंचं आजारपण. यात कुणाचा दोष नाही आणि माझं रडगाणंही नाही, तुमच्याही घरी असंच असेल. पण हे निवृत्त झाले, मी शाळेतून बाहेर पडले, आणि एका सकाळी चहा घेताना लक्षात आलं की आज दुपारी काय करायचं हे आम्ही दोघांनी, तिसरं माणूस मध्ये न घेता, कधी ठरवलेलंच नाही. इतक्या वर्षांत. टूरमध्ये सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस. मला ती बस पुन्हा नको होती.

म्हणून हनोई. नोई बाई विमानतळावरून ८६ नंबरची केशरी बस पकडली आणि जुन्या शहरात उतरलो. तिथल्या गल्ल्यांना पूर्वी जो माल विकला जायचा त्याची नावं आहेत, आपल्या तांबट आळी, बोहरी आळीसारखी. हांग बाक म्हणजे चांदीवाल्यांची, हांग गाई दोरखंडवाल्यांची, आता मात्र तिथे रेशीम विकतात. आमची खोली हांग मा भागात होती. तिथे अजूनही कागदाच्या वस्तू मिळतात, पितरांच्या नावाने जाळायच्या कागदी नोटा, कागदी कपडे, कागदी बूटसुद्धा. घरं अरुंद आणि उंच. लिफ्ट नाही. तीन जिने चढून वर गेलो तेव्हा हे म्हणाले, "आता काय करायचं?" आणि कुणीच उत्तर दिलं नाही. मला इतकं बरं वाटलं!

ठरवायच्या गोष्टी अगदी साध्या होत्या. तिकडे वीस हजार डोंगची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळी. एक रुपयाला साधारण तीनशे डोंग. संध्याकाळच्या उजेडात गडबड व्हायची भीती, म्हणून पैसे हे देणार आणि नोट मी बघणार असं ठरलं. रस्ता ओलांडायचा प्रश्न होता. स्कूटरींचा लोंढा थांबत नाही. आपण संथ, एका चालीने चालत राहायचं, ते बाजूने जातात. मध्येच थांबायचं नाही आणि मागे तर अजिबात फिरायचं नाही. हात धरून चाललो की एक जण दुसऱ्याला ओढतो, म्हणून हात सोडून चालायचं हेही ठरलं. हे शाकाहारी. पण तिकडे पौर्णिमेला आणि महिन्याच्या पहिल्या तिथीला पुष्कळ लोक शाकाहार पाळतात, त्यामुळे 'चाय' अशी पाटी असलेली शाकाहारी खानावळ शोधली की सापडते. टोफू, मशरूम, केळफूल, भात. उपास पाळणाऱ्या बायका आणि आम्ही एकाच टेबलावर.

लाँग ब्येन पुलावर यांची अख्खी सकाळ गेली. फ्रेंचांनी १८९९ ते १९०२ मध्ये बांधलेला लोखंडी पूल. मधून रेल्वे, दोन्ही कडांनी दुचाक्या आणि पायी माणसं. अमेरिकन विमानांनी १९६७ आणि १९७२ मध्ये तो बाँबने पाडला. पुन्हा उभा केलेला भाग कुठला आणि जुना कुठला हे कमानींचा आकार बघून कळतं. सगळा देश रस्त्याच्या उजवीकडून चालतो, पण या पुलावरची वाहनं आपल्यासारखी डावीकडून जातात. हे इंजिनिअर. प्रत्येक रिव्हेटला हात लावून बघत होते. मला कंटाळा आला, मी तसं सांगितलं, आणि पुलावरून जिना खाली नदीतल्या बेटावर उतरतो तिथे केळीच्या बागांत एकटीच फिरून आले. दुसऱ्या दिवशी वान मिएवमध्ये, म्हणजे १०७० साली स्थापन झालेल्या विद्यामंदिरात, माझी पाळी. दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिळा आहेत आणि त्यांवर सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची नावं. आजही परीक्षेआधी मुलं तिथे येऊन हात जोडतात. जन्मभर मुलांचे पेपर तपासलेली बाई तिथून लवकर कशी निघेल? हे झाडाखाली बसून राहिले. एकाने दुसऱ्याची वाट बघायची, तोंड वाकडं न करता. एवढंच मला हवं होतं.

मग ताप आला.

संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणाले, डोळ्यांच्या मागे. रात्री अंग इतकं दुखायला लागलं की कूस बदलवेना. उन्हाचं असेल असं आम्हाला वाटलं. खाली रिसेप्शनवरच्या मुलीला थर्मामीटर मागितला तर तिने चेहरा बघूनच "डेंग्यू" म्हटलं आणि टॅक्सी बोलावली. ऑक्टोबर होता. पावसानंतरचे ते महिने तिकडेही डेंग्यूचेच. टेस्ट पॉझिटिव्ह आली. डॉक्टरबाईंना इंग्रजी थोडंच येत होतं. फक्त पॅरासिटामॉल, दुसरी कुठलीही दुखण्याची गोळी नाही, भरपूर पाणी, रोज रक्त तपासायचं, एवढं सांगून त्या म्हणाल्या, "ताप गेला की या."

मला वाटलं त्यांना उलटं म्हणायचंय. ताप वाढला की या. मी पुन्हा विचारलं. त्यांनी प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला आणि पेनाने तापाची रेघ काढली. वर चढली, तीन दिवस तशीच राहिली, मग खाली आली. जिथे ती खाली आली तिथे त्यांनी चौकोन केला आणि त्यावर पेन दोनदा गिरवलं. धोका तिथे. आपल्याकडे ताप उतरला की सुटलो म्हणतात, देवापुढे साखर ठेवतात. डेंग्यूत ताप उतरताना रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपायला लागू शकतं, प्लेटलेट्स घसरतात, आणि माणूस बरा दिसत असतानाच बिघडतो.

तापाला दोन दिवस झाले आणि इकडून फोन सुरू झाले. मुलाने त्याच रात्रीच्या मुंबईच्या विमानाची तिकिटं बघून ठेवली होती. "आई, बाबांना घे आणि निघ. घरी आल्यावर बघू." त्याचा आवाज कापत होता. मग भाऊजींचा फोन. ते म्हणाले, "वहिनी, टूर असती तर आत्ता तुमच्याजवळ माणूस असता."

मी जिन्यात बसले होते. हे वाक्य ऐकून मला जे झालं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मला राग आला नाही. मला तो माणूस हवा होता. कागद हातात घेऊन "काकू, तुम्ही बसा, मी बघतो" म्हणणारा कुणीतरी. त्या क्षणी समोर आला असता तर मी त्याच्या पाया पडले असते.

वर गेले. यांना विचारलं, निघायचं की राहायचं? हे डोळे मिटूनच म्हणाले, "तू सांगशील ते." आणि मी ओरडले. एवढ्या आजारी माणसावर. "नाही! आयुष्यभर आई सांगेल ते, तू सांगशील ते. आज तुम्ही पण सांगा. मी एकटी नाही ठरवणार." शेजारच्या खोलीतल्या लोकांनी ऐकलं असेल. हे उठून बसले. डॉक्टरांचा कागद मागितला. चष्मा लावून त्या रेघेकडे बराच वेळ बघितलं. मग बोट चौकोनावर ठेवून म्हणाले, "हे उद्या-परवा येणार. पाच तास विमानात असताना आलं तर तिथे सलाईन कोण लावणार? राहू." मी म्हटलं, राहू. मुलाला फोन मी लावला, पण बोलले हे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. हे म्हणाले, भूक लागली. आणि आम्ही टॅक्सी करून निघालो. रिपोर्टवर प्लेटलेट्सपुढे नुसतं ८८ लिहिलं होतं. आपल्याकडे तेच ८८,००० असं छापतात. मला ते माहीत नव्हतं, माझे हातपाय गार पडले. डॉक्टरबाईंनी पुढे तीन शून्यं काढून दाखवली आणि दाखल करून घेतलं. अनामत भरायची, विम्याच्या नंबरवर फोन लावायचा, पासपोर्टच्या प्रती द्यायच्या, हे सगळं मी भाषांतराच्या अ‍ॅपवर बोलून केलं.

रात्री मी प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावर. दर तासाला मोबाईलचा टॉर्च लावून यांच्या हिरड्या बघायच्या, रक्त येतंय का. पोट दाबून विचारायचं, दुखतंय का. लघवी किती झाली ते लिहायचं. तिथे आपल्या सरकारी रुग्णालयासारखीच पेशंटची माणसं खाटेशेजारी राहतात. पलीकडे एक बाई सासऱ्यांपाशी होती. तिने मला न विचारता तांदळाच्या पेजेचा डबा पुढे केला, तिकडे तिला चाओ म्हणतात. नुसती मिठाची पेज. यांना चार घास भरवले, राहिलेली मी खाल्ली. पहाटे तिने खुणेने मला झोप म्हणून सांगितलं आणि माझ्या मोबाईलचा टॉर्च स्वतःच्या हातात घेतला.

आकडा आणखी खाली गेला, थांबला, मग चढला. आम्ही परत आलो.

त्या रात्री मी बहिणीला मेसेज केला होता : "परत असं कधीही नाही. इथून पुढे टूर म्हणजे टूर." तिने तो जपून ठेवलाय आणि विषय निघाला की वाचून दाखवते. ते लिहिणारी बाई घाबरलेली होती म्हणून ती खोटी, असं मला म्हणता येत नाही. तिला जे दिसत होतं ते मला आज घरात बसून दिसत नाही. पण मी तिला विचारते, टूर असती तर नक्की काय झालं असतं? आठला बस हालाँगची खाडी बघायला गेली असती. ती जायलाच हवी, बाकीच्यांनीही पैसे भरलेत. स्थानिक एजंट आला असता, फॉर्म त्याने भरले असते, मी उपकार मानून झोपले असते. आणि तो कागद डॉक्टरांनी त्याच्यासाठी काढला असता. माझ्यासाठी नाही, यांच्यासाठी नाही. ती बाई म्हणते, मग काय बिघडलं असतं? यावर माझ्याकडे रोज वेगळं उत्तर असतं. काही दिवशी काहीच नसतं.

एक मात्र ठणकावून सांगते, कारण "बाहेर गेलात म्हणून झालं" हे मला ऐकवत नाही. डास चावल्यावर डेंग्यूची लक्षणं दिसायला चार ते दहा दिवस लागतात. आमचं हनोईत पोचणं आणि ताप येणं यातलं अंतर धरलं तर तो डास आमच्याच गच्चीवरच्या कुंडीतला असू शकतो. हा हिशोब यांनीच मांडला. भाऊजींना तो आवडला नाही.

आणि आता यांचंच ऐका. भाऊजींनी जपानच्या टूरचं पत्रक पाठवलंय, साकुरा फुलायच्या दिवसांतलं, आणि यांना जायचंय. डेंग्यू दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारच्या विषाणूने झाला तर जास्त गंभीर होऊ शकतो हे डॉक्टरांनी सांगितलंय, ते मलाही माहीत आहे. पण जपानला वसंतात डेंग्यूची कसली भीती, मी म्हटलं. हे म्हणाले, डेंग्यूचं नाही, तुला त्या स्टुलावर पुन्हा एकटीला बसवायचं नाही. मी म्हटलं, मी एकटी नव्हते. तुम्ही होतात, आणि ती बाई होती. हे म्हणाले, मी तर झोपलो होतो.

परवा रात्री बारापर्यंत यावर बोलत होतो. बुकिंगची रक्कम पंधरा तारखेच्या आत भरायची आहे. अजून ठरलेलं नाही.