बडोद्यात फ्लॅट घेताना विश्वामित्री नदीची चौकशी: माझा अनुभव

फ्लॅट पसंत पडला, लोन पास झालं, ते सगळं पटापट उरकलं. अडलं एकाच प्रश्नावर, सोसायटीत पुराचं पाणी किती येतं? ब्रोकर म्हणे, "अहो इथे टिपूससुद्धा येत नाही." 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 च्या वर गेली होती, तेव्हा साहेब बहुतेक गावाला गेले असावेत.

म्हटलं लेखीच घेऊ. एका कचेरीत गेलो. खिडकीवर म्हणाले वर जा, वर म्हणाले नकाशे मोठ्या साहेबांकडे, आणि मोठे साहेब "मीटिंगमां छे". परत गेलो तर म्हणे हे काम दुसऱ्या कचेरीचं. तिथले म्हणाले आमच्याकडे फक्त नदी, सोसायटीचं पहिल्यांनाच विचारा. म्हणजे नदी एकाची आणि तिचं पाणी दुसऱ्याचं! अर्ज लिहून दिला तर इनवर्डचा शिक्का मारणारे भाऊ चहाला गेलेले, बसा. शेवटी वैतागून माहिती अधिकारात टाकला, गुजरातेत फी 20 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. मुदत संपता संपता उत्तर आलं, माहिती आमच्या दफ्तरी नाही, संबंधित कचेरीला विचारा. अरे पण माहिती दुसऱ्याकडे असेल तर कलम 6(3) प्रमाणे अर्ज तुम्हीच 5 दिवसांत तिकडे पाठवायचा असतो ना! कुणाला असं उत्तर आलं तर अपिलात हे कलम घालाच, आणि अपील 30 दिवसांच्या आत.

खरी माहिती दिली गल्लीतल्या इस्त्रीवाल्याने. भिंतीवरची रेघ दाखवली, छातीपर्यंत. मग माझ्याही लक्षात आलं की लाइटचे मीटर सगळे डोक्याच्या वर बसवलेत, उगाच कोण बसवेल? तेव्हा ब्रोकरला नको, इस्त्रीवाल्याला, किराणावाल्याला विचारा.

नदीही बघून या, पण पुलावरूनच, काठावर उतरू नका, शेकडो मगरी आहेत. काळा घोडा पुलावर उभं राहिलं की कळतं पात्र किती खोल आणि वळणावळणाचं आहे ते. पाणी येतं पावागडकडून, वर आजवा सरोवर भरलं की त्याचंही येतं, आणि खाली विश्वामित्री जिला मिळते ती ढाढर नदी तुंबलेली असली की हिला पुढे सरकायला जागाच नाही. म्हणून पाऊस थांबला, ऊन पडलं तरी इथे पाणी चढत राहतं. उंचावर नेऊन ठेवलेली गाडी लगेच खाली आणू नका.

फ्लॅट तिथेच घेतला, पण दुसऱ्या मजल्यावर, आणि ती रेघ दाखवून भाव चांगला पाडून. अपील टाकलंय.

हां, एक राहिलं, पाण्याची मोटर आणि जनरेटर कुठे आहेत तेही बघा, बेसमेंटमध्ये असतील तर वरच्या मजल्यावर राहूनही नळाला पाणी नाही.